बिनपायांचं घराणं

त्या संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग तळमजल्यावर होता आणि जनुकांची लॅब तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर मामा बसायचे, तिसऱ्यावर त्यांची भाची. मधल्या दोन मजल्यांवर पक्षी, फुलपाखरं आणि कचेरी. तिथली माणसं म्हणायची, आम्ही मधे आहोत म्हणून इमारत शाबूत आहे.

मामांना सगळे खवलेमामा म्हणत. पाल असो, सरडा असो की सापसुरळी, मामा चिमट्याने तिला स्पिरिटच्या बाटलीतून बाहेर काढायचे, भिंगाखाली आडवी करायचे आणि खवले मोजायला लागायचे. पाठीचे वेगळे, पोटाचे वेगळे, वरच्या ओठाचे वेगळे. मोजताना कुणी हाक मारली तर तोंड उघडायचे नाहीत, आकडा चुकेल म्हणून. नुसता डावा हात वर. एकदा इमारतीत आगीची घंटा वाजली. दोनशे माणसं धावत पटांगणात गेली आणि बंबवाले आत शिरले तेव्हा मामा टेबलाशी डावा हात वर करून बसलेले. बंबवाल्याला वाटलं, म्हातारा शरण आलाय.

भाची ही त्यांच्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. लहानपणी सुट्टीभर मामांच्या मागे मागे फिरायची, म्हणून त्यांनी तिचं नाव ‘शेपूट’ ठेवलं ते ठेवलंच. ती शेपूट आता छत्तीस वर्षांची, स्वतःची लॅब चालवणारी बाई होती. तिचं कामही शेपटीशीच निघालं. पालीच्या शेपटीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, तो मशीनमध्ये घालायचा आणि मशीनने काढून दिलेल्या अक्षरांच्या लांबच लांब ओळी एकमेकींशेजारी लावून बघायच्या. ज्यांची अक्षरं जास्त जुळतील त्यांचं नातं जवळचं.

“खवले डोळ्यांना दिसतात,” मामा म्हणायचे. “तुझी ती अक्षरं कुणी पाहिलीयत?”

“मशीनने.”

“आणि मशीनला कोणी पाहिलंय?”

“तुम्ही नाही. तीन मजले चढायचा कंटाळा ना तुम्हाला.”

इमारतीत ती त्यांना ‘तुम्ही’ म्हणायची आणि घरी ‘तू’. भांडण तापलं की जिने आणि दालनं विसरून सगळीकडे ‘तू’ व्हायचं, आणि कचेरीतले लोक त्यावरून ओळखायचे की आज खाली जायचं नाही.

सरपटणाऱ्यांच्या दालनात एक मोठी भिंत होती. तिच्यावर मामांनी एकतीस वर्षांपूर्वी रंगवून घेतलेला पाली-सरड्यांचा वंशवृक्ष होता. त्यातली एक फांदी मामांची विशेष लाडकी. तिच्यावर बिनपायांच्या सापसुरळ्या बसवल्या होत्या, तीन जाती, तिन्हींना पाय म्हणून नाहीत, तिन्ही एका घराण्यातल्या. त्यातली तिसरी खुद्द मामांनी शोधलेली. तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि मामांनी तिला मामींचं नाव दिलं. ही गोड बातमी त्यांनी मामींना जेवताना सांगितली.

“दिसायला कशी आहे?” मामींनी लाजत विचारलं होतं.

“गांडुळासारखी,” मामा म्हणाले, “पण चकचकीत.”

त्यानंतर मामी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. पण पुढे राग निवळला. मामी दातांच्या डॉक्टर. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पेशंटला, तोंड उघडं असल्यामुळे त्याला उलट काही बोलता येत नसताना, त्या सांगायच्या की माझ्या नावाची एक सापसुरळी आहे, संग्रहालयात भिंतीवर काढलीय, जाऊन बघा.

त्या भिंतीला यंदा ओल लागली. घोरपडीचं डोकं सोलून पडलं. संचालकबाईंनी दालन नव्याने करायचं ठरवलं आणि मामा-भाचीला एकत्र आपल्या खोलीत बोलावलं.

“भिंत एक आहे, त्यामुळे झाडही एकच हवं,” बाई म्हणाल्या. “खवल्यांचं की अक्षरांचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. रंगारी महिन्याने येणार आहे. आणि कृपा करून मला मधे घेऊ नका, मला रक्तदाब आहे.”

मामांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम निरागस झाला. मामी तिथे असत्या तर तो चेहरा बघूनच सावध झाल्या असत्या.

“परीक्षा घेऊ,” मामा म्हणाले. “मी हिला बारा नळ्या देतो. प्रत्येकीत एक कण. नळीवर नुसता आकडा. कोण कोणाचं नातेवाईक, हिने सांगायचं. उत्तरं मी पाकिटात बंद करून बाईंकडे देतो. बाराच्या बारा बरोबर आली तर भिंत हिची. एक जरी चुकलं, तर माझी.”

“चालेल,” भाची म्हणाली. “वीस द्या हव्या तर.”

“बारा पुरे आहेत तुला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा नळ्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. भाचीने आणि मशीनताईने काम सुरू केलं. मशीनताई म्हणजे लॅबचं मशीन चालवणारी तिची सहकारी. खरं नाव हजेरीच्या वहीशिवाय कुठेच उरलं नव्हतं. ती मशीनशी बोलायची, त्याला चुचकारायची आणि बिघडलं तर त्याच्या नावाने बोटं मोडायची.

पहिल्या आठ नळ्या सुरळीत पार पडल्या. तीन नंबर म्हणजे भिंतीवरची साधी पाल. अकरा नंबर थोडी आधीच करून पाहिली तर तीही तीच पाल, जात नव्हे, तोच प्राणी.

“मामाने एकाच पालीचे दोन तुकडे दोन नळ्यांत घातलेत,” भाची हसली. “मला लहान समजतोय अजून.”

पाच नंबरची अक्षरं तिच्याकडच्या कुठल्याच साठ्यात सापडेनात. पण जवळचं कोण ते स्पष्ट होतं. संग्रहालयाच्या मागच्या कुंपणात ऊन खात बसणारी, चार आखूड पायांची लठ्ठ सापसुरळी. भाचीने लिहिलं, ‘पाच : लठ्ठ सापसुरळीची जवळची बहीण, नाव ठाऊक नाही.’

मग नऊ आली.

मशीनताई पडद्यासमोर बसली होती. तिने आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला.

“अगं,” ती म्हणाली, “नऊ नंबर माणूस आहे.”

“माणूस?”

“आणि साधासुधा माणूस नाही. तू आहेस.”

लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची अक्षरं आधीच नोंदवून ठेवलेली असतात. कुणाची थुंकी, कुणाचा केस चुकून नळीत पडला तर ताबडतोब कळावं म्हणून. नऊ नंबरच्या ओळी भाचीच्या ओळींशी अक्षर न् अक्षर जुळत होत्या. याचा अर्थ एकच. भाचीने हलगर्जीपणा केला होता आणि नळीत पाल नव्हे, ती स्वतः गेली होती.

तिचा चेहरा उतरला. तिने टेबल धुतलं, हातमोजे बदलले, तोंडाला दोन मास्क लावले आणि नव्याने केलं. पुन्हा तीच. मग तिने मशीनताईला करायला लावलं आणि स्वतः खोलीबाहेर, जिन्याच्या कठड्याला टेकून, श्वास रोखल्यासारखी उभी राहिली. पुन्हा तीच. आता मात्र तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

नेमके त्याच दुपारी मामा लॅबच्या दारात उगवले. तीन मजले चढून आल्यामुळे धापा टाकत होते, पण चेहरा आनंदी होता.

“सहज आलो,” मामा म्हणाले. “काय, नऊवर गाडी अडली का?”

“नाही, छान चाललंय,” भाची म्हणाली. “पाणी देऊ?”

मामांनी पाणी घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, मशीनकडे बघून “हेच का ते?” असं विचारलं आणि खाली गेले. त्यांची पावलं दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत भाचीने दाराला कान लावून ठेवला. मग ती मशीनताईकडे वळली.

“नऊवर अडलंय हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.”

“मीही नाही,” मशीनताई म्हणाली.

भाची खुर्चीत बसली आणि हळूहळू तिला हसू फुटायला लागलं. प्राण्यांची नाती शोधायला ती जो धागा वाचत होती, तो पेशीतला एक चिमुकला धागा होता आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काही वाटा नसतो. भाचीला तो तिच्या आईकडून आला होता. आईला आजीकडून. आणि आजीला मुलं दोनच होती. एक भाचीची आई, दुसरा हा.

तिने मामींना फोन लावला. मामी दवाखान्यात होत्या. मागून कुणाच्या तरी दातात यंत्र घुमत होतं.

“मामी, मामाला कुठे लागलंय का गं हल्ली? कापलंय वगैरे?”

“लागलंय कसलं, स्वतःच कापून घेतलंय,” मामी म्हणाल्या. “टाचेला कुरूप झालंय किती दिवस. मी म्हणतेय डॉक्टरकडे जा. गेल्या आठवड्यात बघते तर बाल्कनीत बसून माझ्या दवाखान्यातल्या ब्लेडने तासतोय! आणि तुकडा कागदात गुंडाळून खिशात. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो कसा, विज्ञानासाठी. का गं?”

“काही नाही. शुक्रवारी संग्रहालयात ये. चार वाजता. नक्की ये.”

शुक्रवारी चार वाजता दालनात बाई, मामा, मामी, मशीनताई आणि रंगारी जमले. रंगारी माप घ्यायला आला होता, त्याला वाटलं कार्यक्रम आहे, म्हणून तोही खुर्ची ओढून बसला. बाईंच्या हातात मामांचं बंद पाकीट होतं.

भाचीने कागद काढला.

“तीन आणि अकरा,” ती म्हणाली, “एकच पाल. शेपटीचे दोन तुकडे.”

बाईंनी पाकीट फोडून पाहिलं. बरोबर. मामांनी ‘ठीक आहे’ अशी मान हलवली.

“दोन आणि सहा,” भाचीने पुढे वाचलं, “झाडाच्या सालीवरच्या पाली. माझ्या मते दोन्ही एकच जात.”

“चूक!” मामा ओरडले. “दोन जाती आहेत. एकीच्या मांडीखाली सात छिद्रांची रांग, दुसरीच्या अकरा. मी तीनशे पालींच्या मांड्या पाहिल्यात.”

भाचीने कपाळाला आठ्या घातल्या. “इतक्यातच वेगळ्या झाल्या असतील, तर या धाग्यात फरक दिसणार नाही. मान्य. ही तुमची.”

“एक चुकलं की भिंत माझी, असं ठरलं होतं,” मामा खुर्चीतल्या खुर्चीत फुलले.

“भिंत घ्या. पण यादी पुरी ऐकून घ्या. नळी क्रमांक नऊ.” भाचीने घसा साफ केला. “सस्तन प्राणी. नर. वय अदमासे त्रेसष्ट. डोक्यावर केस नाहीत. टाचेवर कुरूप. जन्म माझ्या आजीच्या पोटी.”

मग मामी इतक्या जोरात हसल्या की शेजारच्या दालनातला पहारेकरी डोकावला. बाईंना रक्तदाब असूनही त्या हसल्या. रंगाऱ्याने मशीनताईला कोपराने ढोसून विचारलं, “म्हणजे हे साहेबच ना?”

मामा लाल झाले. “मला वाटलं, ही म्हणेल माणूस आहे, मग मी म्हणेन की तुझ्या लॅबमधल्या माणसांचा आणि पालींचा घोळ झाला, म्हणजे तुझ्या पद्धतीत राम नाही.”

“तसंच झालं असतं. पण तू माझ्या आजीचा मुलगा निघालास,” भाची म्हणाली. “तुझी आणि माझी अक्षरं एकच आहेत, मामा. तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालत होते.”

मामांना खरोखरच वाईट वाटलं. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. “बरं, बरं,” ते पुटपुटले. “पाच वाच. पाच राहिलीय.”

“पाच : कुंपणातल्या लठ्ठ सापसुरळीची जवळची बहीण.”

आता मामा उभेच राहिले. “साफ चूक! बाई, पाकीट बघा. पाच नंबर ही बिनपायांची आहे. मामीची सुरळी! लठ्ठीला चांगले चार पाय आहेत. हिचा आणि लठ्ठीचा काय संबंध?”

भाची गोंधळून बाईंकडे वळली. बाईंनी कागद पुढे केला. मामांच्या बारीक अक्षरात तेच लिहिलं होतं.

“नळी भरताना अदलाबदल झाली असेल,” ती म्हणाली.

“माझ्या हातून? टाचेचा तुकडा मी मुद्दाम घातला. पण पाचमध्ये मामीचीच शेपूट आहे.” मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते घाईने म्हणाले, “म्हणजे सुरळीची.”

भाचीच्या आवाजातलं चेष्टेचा सूर गेला होता. “मग मामा, ती तुझ्या बिनपायांच्या घराण्यातली नाही. तुझ्या भिंतीवरच्या इतर दोघींची अक्षरं माझ्याकडे आहेत. त्यांच्यापासून ही फार लांब आहे. हिचे पाय वेगळे गेले आणि त्यांचे वेगळे गेले. भुसभुशीत मातीत पोहायला लागलं की पाय मधे येतात, ते हजारो पिढ्यांत आखूड होतात आणि नाहीसे होतात. एकदा नाही, कितीदा तरी झालंय असं.”

“पाय नसणं ही काय लहानसहान गोष्ट आहे?”

“दुसऱ्या मजल्यावरच्या पक्षीसाहेबांनाही टक्कल आहे. ते तुझे भाऊ आहेत का?”

मामांचा हात नकळत डोक्यावर गेला.

“थांबा थांबा,” मामी म्हणाल्या. “म्हणजे एकतीस वर्षं मला चुकीच्या घराण्यात बसवून ठेवलं होतं?”

“मशीनचं म्हणणं तसं आहे,” भाची म्हणाली.

“मशीन कशाला हवं? मी तर लग्न झाल्यापासून हेच सांगतेय.”

सगळे पुन्हा हसले, पण मामा हसले नाहीत. त्यांनी पाकीट घडी करून खिशात घातलं, “मला जरा काम आहे,” म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज आला. भिंतीवर ती तिसरी सुरळी एकतीस वर्षं जुन्या रंगात, इतर दोघींना बिलगून बसलेली होती. भाचीला वाटलं, टक्कलाचं तरी बोलायला नको होतं.

दोन दिवस मामा कुणाशी बोलले नाहीत. घरी जेवायचे, उठायचे. खवल्यांची जुनी वही काढून बसायचे. मामींनी चहाचा कप पुढे ठेवला तर डावा हात वर करायचे, समोर मोजायला काही नसतानाही.

सोमवारी सकाळी मामींच्या दवाखान्यात दोन पेशंट वाट पाहत बसले होते. एकाची दाढ ठणकत होती, दुसरीला नुसती सफाई करायची होती. मामा बगलेत काचेची बाटली घेऊन आले आणि सरळ आत घुसले.

“अहो, नंबर लागलाय लोकांचा,” मामी म्हणाल्या.

“पाच मिनिटं. तुझा दिवा हवाय. आणि तुझं सगळ्यात बारीक आकड्याचं ते हत्यार.”

“कशाला?”

मामांनी बाटली उघडली. स्पिरिटचा वास खोलीभर पसरला. त्यांनी मामीची सुरळी चिमट्याने काढली आणि पेशंटच्या खुर्चीसमोरच्या ट्रेवर, कापसावर आडवी केली. लेखणीएवढी लांब, तपकिरी, डोळे मिटलेली.

“हिचे सगळे खवले मी मोजले,” मामा म्हणाले. “प्रत्येक खवला. पण हिचा डोळा मी कधी उघडून पाहिला नाही. स्पिरिटमध्ये पापणी घट्ट मिटते. उघडायला गेलं तर फाटते, म्हणून नाही उघडला. लठ्ठीच्या खालच्या पापणीला खिडकी असते, पारदर्शक. डोळा मिटूनही तिला दिसतं. त्या इतर दोघींना नसते. माझा हात थरथरतो आता. तुझा नाही थरथरत.”

मामींनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं. मग दिवा खाली ओढला, भिंगाचा चष्मा लावला, बारीक आकडा उचलला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, “दुखलं तर हात वर करायचा हं.”

दारातून दाढवाला डोकावत होता. त्याने विचारलं, “काय झालंय त्याला?” मामा म्हणाले, “श्श.”

मामींनी मोहरीएवढ्या डोळ्याची खालची पापणी अगदी हलक्या हाताने खाली सोडवली. दिव्याचा उजेड पापणीवर पडला. मधोमध एक खवला काचेसारखा लखलखीत होता. आरपार दिसत होतं.

बराच वेळ मामा वाकून बघत राहिले.

“खिडकी आहे,” ते शेवटी म्हणाले. “म्हणजे आधीपासून होती.”

“असणारच. ती काय शुक्रवारी बसवली असेल?” मामी म्हणाल्या. पण आकडा खाली ठेवून त्यांनी आपला हातमोज्यातला हात मामांच्या पाठीवर ठेवला.

मामांनी तिथूनच भाचीला फोन लावला. “शेपटे,” ते म्हणाले, “तुझ्या अक्षरांना सांग, डोळ्यानेही तेच म्हटलंय.” आणि पलीकडून ती काही बोलायच्या आत घाईने जोडलं, “पण मांडीखालची छिद्रं सात आणि अकराच आहेत!”

भिंत मामांनी जिंकली होती, तरी झाड अक्षरांचं करायचं ठरलं. सालीवरच्या पालींच्या दोन फांद्या मात्र मामांच्या सांगण्याप्रमाणे वेगळ्या राहिल्या. रंगारी आला तेव्हा मामा त्याच्या शिडीपाशी उभे राहून प्रत्येक पालीचे खवले नीट काढून घेत होते, आणि एका पालीच्या ओठावर एक खवला कमी पडला म्हणून त्यांनी त्याला अख्खं डोकं पुसायला लावलं. रंगारी भाचीला म्हणाला, “ताई, हे नऊ नंबर कुठे काढू?” मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूटपणे ब्रश बुडवला.

मामा-भाचीने मिळून एक शोधनिबंध लिहिला. त्यात मामीच्या सुरळीची लठ्ठीच्या घराण्यात रवानगी केली. नियम असा की जातीचं स्वतःचं नाव तेच राहतं, फक्त त्याच्या आधीचं घराण्याचं नाव बदलतं.

“म्हणजे माझं नाव तेच, आडनाव दुसरं?” मामींनी विचारलं.

“हो,” भाची म्हणाली.

“एकदा केलंय मी ते. या वेळी तरी कुणी विचारलं असतं.”

निबंध तपासणाऱ्याचं उत्तर आलं की सगळं ठीक आहे, पण जिवंत प्राण्याच्या एका नमुन्याची अक्षरं जोडावीत. आता पंचाईत. ती सुरळी जगात तीनदाच सापडली होती, तिन्ही वेळा मामांना, तिन्ही वेळा त्या एका टेकडीवर, आणि शेवटची सत्तावीस वर्षांपूर्वी.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिघं त्या टेकडीवर गेली. मामी म्हणाल्या, मला घेऊन गेल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही. माझं नाव आहे, मी कधी तिला जिवंत पाहिलेलं नाही.

सकाळभर मामा आणि भाची गुडघ्यांवर रांगत पालापाचोळा उपसत होते. दगड उलटायचे, बघायचे, होता तसा ठेवायचे. मामांच्या पाठीतून कळ आली, पण सांगणार कुणाला? विंचू निघाले, गोगलगायी निघाल्या, एक बेडूक मामांच्या बाहीत शिरला. दुपार झाली. भाचीच्या केसांत काटक्या अडकल्या होत्या आणि दोघांचं एका दगडावरून भांडण चाललं होतं की तो मघाशी उलटून झालाय की नाही.

“झालाय.”

“नाही झालेला. त्याखालची माती बघ.”

“मामा, तुला डोळ्यांनी दिसत नाही आता.”

“आणि तुला मशीनशिवाय दिसत नाही.”

“अहो,” मामींनी झाडाखालून हाक मारली. त्या डबा उघडून बसल्या होत्या.

“थांब जरा!” दोघं एकदम म्हणाली.

“बरं,” मामी म्हणाल्या. “पण मी हलू शकत नाहीये. माझ्या चपलेवर कोणीतरी बसलंय.”

दोघं जागच्या जागी थिजली. मग पोटावर सरपटत, एकमेकांना ढकलत, झाडापर्यंत आली. मामींच्या चपलेच्या पट्ट्यावर, उन्हाच्या एका कवडशात, लेखणीएवढी ती पडली होती. ओल्या मातीच्या रंगाची, तेल लावल्यासारखी. तिने डोळे मिटले, पण तिच्या मिटलेल्या पापणीतूनही ती त्यांच्याकडेच बघतेय असं वाटत होतं.

“शेपटीचा तुकडा घ्यायचा नाही हं,” मामी कुजबुजल्या. “माझ्यादेखत मुळीच नाही.”

“नाही घेत,” भाची म्हणाली. तिने खिशातून कापसाची काडी काढली. “तोंडातून नुसती फिरवते. मामा, धर.”

मामांनी दोन बोटांनी तिला उचललं. बोटं थरथरत होती, पण सुरळी शांत राहिली. भाचीने काडी फिरवली, नळीत घातली, झाकण लावलं. मामींनी मान वाकवून आपल्या नावाच्या त्या प्राण्याकडे नीट पाहिलं, डोक्यापासून टोकापर्यंत.

“किती बारीक आहे हो,” त्या म्हणाल्या.

“तेव्हा तूही होतीस,” मामा म्हणाले.

मामींनी डब्याचं झाकण उचलून त्यांच्याकडे रोखलं. मामांनी घाईघाईने सुरळी पाचोळ्यावर ठेवली. ती क्षणभर तशीच राहिली आणि मग पानं जराशीही न हलवता खाली उतरून गेली. भाची म्हणाली, “भूक लागलीय,” आणि तिघं जेवायला बसली. चपला मात्र मामींनी काढून शेजारी ठेवल्या आणि जेवण होईपर्यंत पायात घातल्या नाहीत, आणखी कुणी येऊन बसलं तर म्हणून.